तळ दिसतो तेव्हा

(भंडारा येथे डिसेंबरअखेर झालेल्या स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



संयोजकांनी विषय कळवला तो असा : सरत्या वर्षाचा आढावा आणि नव्या वर्षाचे नियोजन. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आहे, वर्तमानपत्रांच्या पुरवण्याही सध्या याच मथळ्याने निघतात, तेव्हा विषयाला नाव ठेवण्यासारखे काही नाही. पण माझी सगळी नोकरी लघुसिंचनाच्या कामावर गेली आणि मुळात मी धानाच्या घरचा. आपल्या जिल्ह्यात या दिवसांत कोणाला विचारून पाहा, "कसं गेलं जी यंदाचं साल?" तो म्हणेल, "जाऊ तर द्या जी!"

त्याचे बरोबर आहे. धान कापून, पुंजणे रचून, मळणी होऊन महिना झाला असेल, पण साल संपलेले नाही. 2025-26च्या हंगामाला साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये होता, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. नोंदणी झाली का, सातबारा चढला का, केंद्रावर बारदाना आहे का, गोदामात जागा आहे का, आणि हे सगळे जमून आल्यावर चुकारे कधी, ही उत्तरे डिसेंबरात मिळत नाहीत. वर बोनस. 2022-23च्या हंगामाला तो हेक्टरी 15,000 होता, पुढच्या वर्षी 20,000 झाला, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. तो जाहीर होतो की नाही यासाठी आपण नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाकडे डोळे लावून बसतो. खर्चाची बाजू पूर्ण भरलेली आणि जमेच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलेले आकडे, अशी डिसेंबरातली धानकऱ्याची वही असते. तिच्यावरून आढावा कसला घेणार?

आणि नियोजन? ते तर कधीच चिखलात उतरलेले आहे. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांचे उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकून झाले किंवा टाकणे चालू आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांच्या बांधीत लाखोरी आहे, आणि ती त्यांनी पेरली केव्हा? धान उभा असतानाच, पायाखाली ओल असताना, कापणीच्या आधी पंधरा-वीस दिवस. जुने पीक उभे आणि त्याच्या बुडाशी नवे उगवलेले. शहरातला माणूस 31 डिसेंबरच्या रात्री एक पान उलटतो. झाडीपट्टीत अशी रेघ ओढलेली नसते.

मग आपल्याकडे वर्षाचा हिशेब मांडायचाच नाही की काय? मांडायचा. माझे म्हणणे एवढेच आहे की तो केव्हा मांडता यावर, काय दिसते आणि काय दिसत नाही, हे ठरते. बाकी जे बोलणार आहे ते या एका गोष्टीभोवती.

आधी सरकारी वर्ष घेऊ, कारण माझे आयुष्य त्याच्या तालावर गेले. आपले आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते ते 1867 पासून. त्याआधी ते 1 मे रोजी सुरू होत असे. इंग्रजांनी महिनाभर अलीकडे ओढले ते विलायतेतल्या वर्षाशी जुळवून घेण्यासाठी. इथल्या पिकाशी किंवा पावसाशी त्याचे काही देणेघेणे नव्हते. 1984 साली लक्ष्मीकांत झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचे म्हणणे असे की अर्थसंकल्प मांडताना पावसाळा कसा गेला हे हातात असले पाहिजे, म्हणून वर्ष जानेवारीपासून धरा. शिफारस स्वीकारली गेली नाही. पुढे 2016 साली शंकर आचार्य यांची समिती झाली, तारीख तिथेच राहिली. माझे मत विचाराल तर झा समितीचे कारण बरोबर होते आणि महिना चुकला होता. पण ते पुढे.

31 मार्च म्हणजे काय हे इथे बसलेल्या निवृत्त मंडळींना सांगायला नको. कोषागारात रात्री उशिरापर्यंत दिवे, मोजमाप पुस्तिकांचे गठ्ठे, निधी परत जाऊ नये म्हणून धावपळ. कोणते कार्यालय, कोणता तालुका हे सांगत नाही, ते सगळीकडे सारखेच असते. तलावाच्या खोलीकरणाचे अंतिम देयक मार्चअखेर निघायला हवे. पण मार्चमध्ये तलावात उन्हाळी धानासाठी राखलेले पाणी असते. काम पाण्याखाली आणि बिल कागदावर! त्यात दरवेळी लबाडीच असते असे नाही. दोन वर्षे एकमेकांशी जुळत नाहीत, एवढेच पुष्कळदा कारण असते.

आणि दोनच कशाला. एकच मामा तलाव घ्या. माजी मालगुजारी म्हणून मामा, हे आता कागदोपत्रीही रुळले आहे. जिल्हा परिषदेच्या वहीत त्याचे वर्ष एप्रिल ते मार्च. मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात तेच वर्ष 1 जुलै ते 30 जून. शेतकऱ्याचे मृगापासून. सालगडी ठेवण्याची पद्धत होती तेव्हा त्याचे साल अक्षय तृतीयेला भरायचे, जुना सोडायचा की ठेवायचा आणि किती खंडी धानावर, हे त्या दिवशी ठरायचे. गावाचे एक वेगळेच : दिवाळी झाली की मंडई. एकेका गावाची मंडई एकेका दिवशी, त्यामुळे पाहुणे आज या गावात, उद्या त्या गावात. दंडार असते, रात्री नाटक असते, आणि दिवसा पोरीच्या लग्नाचे बोलणे, उधारीचे बोलणे, भावाभावांतल्या वाटणीचे बोलणे. वर्षाचा आढावा या शब्दाखाली जे येते ते आपल्या मुलखात खरोखर मंडईत होते. पण एक गोष्ट विसरू नये. मंडई येते तेव्हा तलाव भरलेला असतो आणि धान घरात किंवा खळ्यावर असतो. भरल्या घरात माणूस उदार बोलतो. मंडईत ठरलेले किती बेत वैशाखापर्यंत टिकतात, ते तुम्हीच आठवून पाहा.

आता या तलावांची गोष्ट, थोडी सविस्तर, कारण ती इथल्या नियोजनाची सर्वांत जुनी गोष्ट आहे.

चांद्याच्या गोंड राजांनी जंगल तोडून तलाव बांधणाऱ्यांना त्या पाण्याखाली येणारी जमीन दिली, असे सांगतात. कोहळी समाज त्या कामात अग्रेसर होता. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटलांनी बांधला ही आठवण अजून लोकांच्या बोलण्यात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर मिळून असे सहा हजारांच्या वर तलाव आहेत, आणि आपल्या एकट्या जिल्ह्यात हजाराच्या वर. दोन टेकड्यांच्या मधला उतार हेरून मातीची पाळ घालायची, जास्तीचे पाणी जायला सलंग, खाली बांध्यांकडे पाणी सोडायला तुडुम. वरच्या तलावाचा सलंग वाहिला की खालचा तलाव भरतो, त्याच्या खाली बोडी. कोणत्याही नकाशाशिवाय हे केले, असे म्हणायची फॅशन आहे. नकाशा कागदावर नव्हता, एवढे मी मान्य करतो.

यातला खरा भाग बांधकाम नाही, बोलीकरार आहे. रोवणी अडली, पाऊस फाटला, तलावात निम्मे पाणी, तर आधी कोणाच्या बांधीला? गुरांना किती राखायचे? पाणकराला, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसाला, मळणीच्या वेळी किती धान? पाळीच्या डागडुजीला घरटी किती माणसे? हे ठरलेले असायचे. इंग्रजी बंदोबस्तात यातला काही भाग कागदावर आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आजही कलम 161 खाली निस्तारपत्रक आहे आणि कलम 165 खाली वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या वहिवाटीची नोंद. तरुण कार्यकर्त्यांनी आपल्या गावची ही कागदपत्रे एकदा तहसीलमधून काढून वाचावीत. त्यात 'आम्ही यंदा अमुक करू' असे एकही वाक्य सापडणार नाही. तिथे जे लिहिले आहे ते कोणाचा हक्क कशावर, याबद्दल. आजच्या आराखड्यांत नेमके हेच नसते. आपल्या आराखड्यात रस्ता असतो, सभामंडप असतो, 'जलसंधारणाची कामे' असतात. पाणी कमी पडले तर कोणाचे थांबवायचे, हे लिहिण्याची हिंमत कोणी करत नाही.

पुढे हे तलाव ज्यांच्या ताब्यात होते त्या मालगुजारांची मालगुजारी नष्ट झाली. मध्य प्रदेशचा 1950चा कायदा, आपण तेव्हा मध्य प्रदेशात होतो. हक्क सरकारजमा झाले ती तारीख 31 मार्च 1951. मालगुजार गेला ते योग्यच झाले, त्या व्यवस्थेत वेठ होती, मक्ता होता, आणि ढिवर समाजाने मासे धरायचे ते मालगुजाराच्या मर्जीने. तिच्याबद्दल गळा काढणाऱ्यांत मी नाही. पण वही बंद करायला जी तारीख निवडली ती पाहा. तुडुम उघडणारा माणूस 1 एप्रिलला सकाळी उठला तेव्हा तो कोणाचा नोकर हे कोणाला ठाऊक नव्हते. पुढे जिल्हा परिषदा आल्या, तलाव त्यांच्याकडे गेले, आणि पाळीवर उगवलेली झाडे कोणी तोडायची यावर पत्रव्यवहार सुरू झाला.

आता मुद्द्यावर येतो. तलावाचा हिशेब मांडायची वेळ वैशाख आहे.

सप्टेंबरात शिवनीबांध तलावाच्या पाळीवर उभे राहिलात तर काय दिसते? पाणी. सुंदर दिसते, फोटो काढावासा वाटतो. त्या पाण्याखाली गाळ किती, बेशरमाची झुडपे किती आत शिरली, अतिक्रमणाची बांधी कुठपर्यंत आली, तुडुमाचे तोंड उघडे आहे की बुजले, यातले काहीच दिसत नाही. भरलेला तलाव स्वतःबद्दल काही सांगत नाही. वैशाखात तोच तलाव पाहा. कडेची माती तडकलेली, आत डबक्यापुरते पाणी, त्यात बगळे. जमिनीला पडलेल्या भेगांत हात घातला तर किती खोल जातो त्यावरून गाळ कळतो. तुडुमाचा दगडी उंबरा उघडा पडलेला असतो आणि त्याच्या पुढ्यात साचलेली माती दिसते. आणि एक गोष्ट, जी ऑफिसात बसून कधी कळत नाही : तलावाचा तळ उंबऱ्याच्या खाली कुठे आणि किती गेला आहे. त्या पातळीच्या खाली जेसीबी लावून कितीही खोदा, धानाला एक थेंब जास्त मिळत नाही, कारण ते पाणी तुडुमातून बाहेर येऊच शकत नाही. मासे आणि गुरे यांना त्याचा उपयोग आहे, अवश्य खोदा, पण 'सिंचनक्षमता वाढली' असे लिहू नका. शिवाय ठिकठिकाणी उभे खड्डे पाडले की ढिवरांना जाळे ओढता येत नाही, तेही कोणी विचारत नाही.

हे ज्यांनी नीट करून दाखवले त्यांचे उदाहरण देतो. आजच्या गोंदिया जिल्ह्यातला अर्जुनी मोरगाव तालुका, 1 मे 1999 पर्यंत आपलाच. तिथे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि ढिवर समाजातले पतीराम तुमसरे यांच्यासारख्या माणसांनी एक साधा प्रश्न धरला : रोहू, कटला, मृगळचे बीज सोडूनही मासा का कमी होतोय आणि मरळ, शिंगूर, वाघूर, बोटरी कुठे गेले? उत्तर पाण्यात नव्हते, तळाशी होते. मासे अंडी घालतात, लपतात, खातात ते पाणवनस्पतींत, आणि त्या वनस्पती नाहीशा झाल्या होत्या. मग उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटणे, तळ नांगरणे, पाऊस आला की दुसऱ्या तलावांतून देशी पाणवनस्पती आणून चिखलात रोवणे. धानाची रोवणी करणाऱ्याच बाया, त्यामुळे हात बसलेला होता. कोणती वनस्पती किती खोलीला लागते, कोणता मासा तिच्या आसऱ्याला येतो, याची यादी लोकांच्या डोक्यात होती, ती वहीत आली. मासे परत आले. लोक त्यातल्या माशांबद्दल बोलतात, मला त्यातले वेळापत्रक महत्त्वाचे वाटते. वर्षाचा आढावा त्यांनी तळ उघडा असताना घेतला, काम त्याच आठवड्यांत केले आणि फळ पावसाळ्यानंतर मोजले. मार्चअखेरच्या खर्चात हे कुठेच बसत नाही.

याच्या उलट, मोठ्या पाण्याचे नियोजन आपण कसे केले? गोसीखुर्द धरणाची कोनशिला 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते बसली. मूळ अंदाज 372 कोटींचा, पुढे तो 18,000 कोटींच्या वर गेला. मध्ये गोसीखुर्द राष्ट्रीय प्रकल्प झाला. धरणात पाणी आहे, नाग नदीची घाण आहे, आणि कालव्याच्या शेपटाला अजून वाट पाहणारे शेतकरी आहेत. यावर स्वतंत्र व्याख्यान होईल, आज पुढे जातो.

पण ऑगस्ट 2020च्या पुराबद्दल एक वाक्य बोलायला हवे. त्या महिन्याच्या शेवटी वैनगंगा शहरात शिरली. तुमच्यापैकी काहींच्या घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून असेल. पुराची वरची खूण आपण जपतो, मुलांना दाखवतो. कोणत्या वर्षी तलाव कुठपर्यंत आटला होता, त्याची खालची खूण आपल्याकडे कुठेच नाही.

आणि जानेवारी. नव्या वर्षाच्या शुभेच्छा देताना या गावात जीभ थोडी अडखळते. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या आगीत दहा बाळे गेली. 24 जानेवारी 2025 रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले. आगीनंतर राज्यभर रुग्णालयांचे फायर ऑडिट निघाले. घाव बसल्यावर घेतलेला आढावाही आढावाच असतो, त्याला मी कमी लेखत नाही. पण त्यातून जे नियम येतात ते झालेल्या गोष्टीपुरते असतात. ज्या गोष्टी अजून घडलेल्या नाहीत त्या पाहण्यासाठी काही न घडलेला, कोरडा, बिनमहत्त्वाचा दिवस लागतो. तो कॅलेंडरात आधीच राखून ठेवावा लागतो.

असा दिवस आपल्याकडे आहे. ग्रामसभांच्या ठरलेल्या तारखा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याची मोहीम सुरू होते ती 2 ऑक्टोबरला, म्हणजे तलाव काठोकाठ असताना आणि लोकांचे लक्ष कापणीकडे असताना. पाण्याचा आढावा 1 मेला घ्यावा, आणि तो ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये न घेता पाळीवर घ्यावा. इंग्रजांचे जुने आर्थिक वर्षही 1 मेलाच सुरू व्हायचे, एवढा त्यांना आपल्याकडून जुना मान! त्या दिवशी तुडुमाच्या दगडावर पाण्याची पातळी खुणेने कोरावी, साल टाकावे. पुढच्या वर्षी तिच्या वर किंवा खाली दुसरी. पाच वर्षांत त्या दगडावर जे तयार होईल ते कोणत्याही सल्लागाराच्या अहवालापेक्षा उपयोगी असेल. मग कमी पाण्याचा करार लिहावा : यंदा पाऊस ओढला तर उन्हाळी धान कोणी सोडायचा, त्याची भरपाई कशी, मासेमारीसाठी किती पाणी अडवून ठेवायचे. हा ठराव ऑक्टोबरच्या आराखड्याला जोडावा. तळाशी उभे राहून ठरवलेले भरल्या तलावाच्या वेळी कागदात घालायचे, हाच माझा सगळा प्रस्ताव.

यावर पहिला आक्षेप मीच सांगतो. मे महिन्यात निम्मे गाव तेंदूपत्त्याला पहाटेच जंगलात गेलेले असते, उरलेले लग्नात. हे खरे आहे. गणपूर्तीला 100 मतदार किंवा 15 टक्के, जी संख्या कमी असेल ती लागते, आणि तेवढे जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मग पाच जण सही करतात, हे आपण पाहत आलो आहोत. सभा संध्याकाळी घ्या, पत्ता सोडून माणसे परतल्यावर. पाळीवर त्या वेळी वाराही असतो. ढिवरांच्या बाया, ज्या एरवी सभेत मागे बसतात, तिथे मागे बसू शकणार नाहीत, कारण तळाबद्दल बोलायचे म्हटल्यावर त्यांच्याशिवाय सांगणार कोण?

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिलीत विचारले आहे, गाळ नेण्याचा ट्रॅक्टरचा खर्च कोण देणार. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना 2017 मध्ये आली, 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली. गाळ फुकट मिळतो, आणि अल्पभूधारक व अत्यल्पभूधारकांना तो वाहून नेण्यासाठी एकरी 15,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. अर्ज उन्हाळ्याच्या आधी करा. आणि वरचा काळा गाळच उचला, खालचा चिकणमातीचा थर फोडलात तर तलाव गळेल.

दुसरी चिठ्ठी बहुधा एखाद्या मच्छीमार भावाची आहे : बेशरम कापली तरी पुन्हा फुटते, औषध मारावे का? मारू नये. त्याच पाण्यावर गुरे येतात आणि त्याच पाण्यात मासे आहेत. ती कापायची नसते, उपटायची असते, कारण कापलेल्या तुकड्याच्या प्रत्येक पेरातून ती फुटते. पाणी मागे सरले आणि माती अजून ओली आहे, असे थोडेच दिवस मिळतात. त्यानंतर जमीन टणक होते आणि मूळ आत तुटते. उपटलेला ढीग तलावात ठेवू नका, पाळीच्या बाहेर नेऊन वाळवा आणि पहिल्या पावसाच्या आत जाळा.